डोलकाठ्यांची लढाई: नागपट्टणम ते त्रिंकोमाली, 1782

6 जुलै 1782 च्या संध्याकाळी नागपट्टणमच्या समुद्रात इंग्रज आणि फ्रेंच आरमारं एकमेकांपासून दूर झाली. एकही जहाज बुडालं नव्हतं, एकही पकडलं गेलं नव्हतं. बरोबर एकोणसाठ दिवसांनी, 3 सप्टेंबरला, हीच दोन आरमारं त्रिंकोमालीसमोर पुन्हा भिडली. त्या दिवशीही कोणी बुडालं नाही. मधल्या काळात मात्र बंगालच्या उपसागरातलं सगळ्यात मोलाचं बंदर इंग्रजांच्या हातून फ्रेंचांकडे गेलं होतं.

हे बंदर समुद्रावरच्या लढाईत गेलं नाही, दुरुस्तीच्या शर्यतीत गेलं. मोडलेल्या डोलकाठ्या कोणी आधी उभ्या केल्या, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. युद्धनौकांच्या इतिहासात तोफांची वर्णनं पानंच्या पानं भरतात आणि सुतारांच्या वाट्याला एखादी ओळ येते. म्हणून या लेखात तोफांना थोडी आणि सुतारांना जास्त जागा दिली आहे.

दोन सेनापती, एक किनारा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स उतरल्यावर ती लढाई हिंदी महासागरातही आली. इंग्रज आरमाराचा प्रमुख होता व्हाइस ॲडमिरल सर एडवर्ड ह्यूज, साठीचा, अनुभवी, शांत डोक्याचा. समोर होता पिएर आंद्रे द सुफ्रँ. प्रोव्हान्समध्ये 1729 साली जन्मलेला हा माणूस स्थूल, तापट आणि कमालीचा चिकाटीचा होता. मूळ सेनापती दोर्व्ह फेब्रुवारी 1782 मध्ये वारला आणि ताफा सुफ्रँकडे आला. त्याच महिन्यात 17 तारखेला सद्रासपाशी आणि 12 एप्रिलला लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रोव्हिदियनपाशी तो ह्यूजशी लढला. दोन्ही लढाया अनिर्णित राहिल्या. प्रोव्हिदियननंतर तर दोघांचीही जहाजं इतकी मोडली होती की दोन्ही ताफे हाकेच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ नांगर टाकून आठवडाभर दुरुस्ती करत बसले.

सुफ्रँची अडचण एका वाक्यात सांगता येते: त्याला घर नव्हतं. पाँडिचेरी इंग्रजांनी 1778 मध्येच घेतली होती. एप्रिल 1782 मध्ये हैदरअलीच्या मदतीने फ्रेंचांनी कडलूर मिळवलं, पण ते बंदर नव्हतंच. उघडा किनारा, समोर फुटणाऱ्या लाटा आणि नांगर टाकायला वाळूचा तळ, एवढंच तिथे होतं. खरा तळ मॉरिशसला, म्हणजे तेव्हाच्या इल द फ्रान्सला, हजारो मैल लांब. तिकडे परत जाण्याचे आदेशही त्याला मिळाले होते. त्याने ते मानले नाहीत. एकदा हा किनारा सोडला तर हैदरशी असलेली दोस्ती संपेल आणि तो एकटा पडेल, हे त्याला दिसत होतं.

ह्यूजकडे मद्रास होतं, पण मद्रासलाही तेव्हा धक्का नव्हता. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांमधून पाण्याचं प्रत्येक पिंप आणि तांदळाचं प्रत्येक पोतं काथ्याने शिवलेल्या मसुला नावांतून जहाजापर्यंत न्यावं लागे. त्या नावांना खिळा नसे. लाटेच्या तडाख्यात खिळ्यांची नाव फुटते, शिवलेली लवते. आपल्या कोकण किनाऱ्यावर एका मागोमाग एक खाड्या आहेत, त्यामुळे गलबताला कुठे ना कुठे आडोसा मिळतो. कोरोमंडलवर, म्हणजे मद्रास-कडलूरच्या या पूर्व किनाऱ्यावर, तशी सोय नाही, आणि या प्रकरणातला प्रत्येक निर्णय त्या एका गोष्टीभोवती फिरतो.

अपवाद एकच: लंकेतलं त्रिंकोमाली. चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं, खोल, दोन्ही मोसमांत सुरक्षित. ते डचांचं होतं. जानेवारी 1782 मध्ये ह्यूजने ते जिंकलं, पण त्याच्या रक्षणाला फार मोठी फौज ठेवणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

6 जुलै

लढाईच्या आदल्या दिवशी एका वावटळीत फ्रेंचांच्या ‘अजाक्स’ जहाजाच्या काठ्या मोडल्या आणि ते लढायलाच उतरू शकलं नाही. त्यामुळे बारांऐवजी अकरा फ्रेंच जहाजं अकरा इंग्रज जहाजांसमोर उभी राहिली. वाऱ्याची बाजू, म्हणजे जिकडून वारा येतो ती हल्ल्याला सोयीची बाजू, ह्यूजकडे होती. अकराच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. दोन्ही रांगा समांतर चालत एकमेकांना झोडपत होत्या, तोच दुपारी वारा फिरला.

शिडाच्या जहाजाला समोरून अचानक वारा लागला की शिडं उलटी फुगतात आणि जहाज जागच्या जागी अडतं. काहींची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकीकडे वळते, काहींची दुसरीकडे. दोन्ही रांगा विस्कटल्या. फ्रेंचांच्या ‘ब्रियाँ’ची मुख्य डोलकाठी कोसळली होती. ‘सेव्हेर’ इंग्रजांच्या तोंडाशी एकटं सापडलं आणि त्याचा कप्तान सिलार याने निशाण उतरवलं. समोर इंग्रजांचं ‘सुलतान’ होतं. शरण आलेल्या जहाजावर तोफ डागायची नाही म्हणून ते थांबलं. इतक्यात ‘सेव्हेर’वरच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच कप्तानाचं ऐकायचं नाकारलं, निशाण पुन्हा चढवलं आणि बेसावध ‘सुलतान’वर मारा केला.

दुसऱ्या दिवशी ह्यूजने ‘सुलतान’चा कप्तान जेम्स वॉट याच्या हाती पत्र पाठवून ते जहाज मागितलं. सुफ्रँने दिलं नाही. निशाणाची दोरी गोळीने तुटली होती, शरणागती नव्हतीच, असं त्याचं उत्तर होतं. या वॉटचं नाव वाचकांनी लक्षात ठेवावं.

हिशेब असा झाला: इंग्रजांचे 77 ठार, 233 जखमी; फ्रेंचांचे 178 ठार, 601 जखमी. माणसांच्या मापाने पाहिलं तर फ्रेंचांनी दुपटीपेक्षा जास्त किंमत मोजली. त्यामागे दोन आरमारांच्या सवयीतला फरकही होता. इंग्रज तोफा जहाजाच्या अंगावर रोखत, फ्रेंच अनेकदा शिडं आणि दोरखंडांवर. त्या संध्याकाळी कोणी जुगार खेळला असता तर त्याने ह्यूजवरच पैसे लावले असते.

कडलूर: घरं मोडून जहाजं

फ्रेंच ताफा कडलूरला पोचला तेव्हा त्याची अवस्था काय होती हे समजायला डोलकाठी म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आणावं लागेल. चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाची नुसती खालची मुख्य काठी शंभर फुटांच्या आसपास लांब आणि बुंध्याशी सुमारे तीन फूट जाड असते. त्यावर दुसरी काठी, तिच्यावर तिसरी. प्रत्येकीला परबाणं, म्हणजे आडव्या काठ्या, त्यांना शिडं, आणि सगळं ताणून धरायला मैलोगणती दोर. अशी काठी एका झाडाची सहसा होत नाही, अनेक लांब तुकडे एकमेकांत बसवून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून ती घडवावी लागते. नारळ आणि ताडाच्या किनाऱ्यावर असं लाकूड मिळत नाही.

सुफ्रँने जे केलं त्यात चमत्कार काही नव्हता, पण वरिष्ठ सेनापतीने स्वतः उभं राहून करून घ्यावं असं ते काम होतं. फ्रिगेट म्हणजे छोट्या वेगवान जहाजांच्या काठ्या काढून त्याने मोठ्या जहाजांना चढवल्या. फ्रिगेटांना पकडलेल्या व्यापारी जहाजांच्या काठ्या दिल्या. कडलूरमधली घरं उतरवून त्यांची तुळई-वासे सुतारांकडे दिले. मोठ्याचा तुकडा मोडला की मधल्याचा काढायचा, मधल्याला धाकट्याचा द्यायचा, आणि सगळ्यात शेवटच्याला उघडं ठेवायचं. दोन आठवड्यांच्या आसपास ताफा पुन्हा समुद्रात जाण्याजोगा झाला.

मला हा भाग या संपूर्ण मोहिमेतला सर्वांत मोठा पराक्रम वाटतो. तोफेसमोर उभं राहायला धैर्य लागतंच. पण सहाशे जखमी किनाऱ्यावर पडलेले असताना, भर उन्हात, परक्या किनाऱ्यावर, दोर वळणं आणि तुळया तासणं दिवसामागून दिवस चालू ठेवायला वेगळ्याच जातीचं बळ लागतं. त्या सुतारांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. ज्यांची घरं उतरवली गेली त्या कडलूरच्या लोकांचं काय झालं, तेही कोणी लिहिलं नाही.

याच दिवसांत त्याने आणखी एक कठीण काम केलं. ‘सेव्हेर’च्या सिलारला, आणि त्याच्याबरोबर फोर्बिन आणि मॉरव्हिल या कप्तानांना त्याने पदावरून दूर केलं. त्यामागे नागपट्टणमचं एक कारण होतं, आधीच्या दोन लढायांचीही होती. सुफ्रँचे बरेच कप्तान त्याच्या युद्धपद्धतीला मनापासून तयारच नव्हते. रांग सांभाळायची, अंतर ठेवायचं, जहाज शाबूत परत आणायचं, यात ते वाढले होते. सुफ्रँला मात्र शत्रूच्या छातीशी जाऊन भिडायचं असे.

जुलैअखेर हैदरअली छावणीसह कडलूरजवळ आला, दोघांची भेट झाली आणि 1 ऑगस्टला सुफ्रँने दक्षिणेकडे शिडं सोडली.

मद्रास: ह्यूजचा महिना

ह्यूज 20 जुलैच्या सुमारास मद्रासला आला आणि 20 ऑगस्टपर्यंत तिथे राहिला. एक पूर्ण महिना. या महिन्यावरून त्याला पुढे खूप बोल लावला गेला, आणि सुफ्रँच्या दोन आठवड्यांशी तुलना केली की तो बोल रास्तही वाटतो.

तरीही मला ह्यूजची बाजू नीट मांडावीशी वाटते. त्याच्या जहाजांचे काठी-दोर गेलेच होते, शिवाय खाली पाण्यात फळ्या गळत होत्या. ही गळती उघड्या समुद्रात दुरुस्त होत नाही, त्यासाठी जहाज कोरडं करावं लागतं. दारूगोळा, पाणी, धान्य मसुला नावांनी लाटा ओलांडून यायचं. मद्रासभोवतीचा मुलूख हैदरच्या फौजांनी उद्ध्वस्त केलेला, त्यामुळे शहरातच धान्याची ओढ. त्यातच ‘सेप्टर’ हे नवं जहाज त्याला येऊन मिळालं आणि त्याची संख्या बारा झाली. सावध सेनापतीने जे करायला हवं ते तो करत होता: ताफा पूर्ण करून मगच निघायचं.

चूक दुसरीकडे झाली, असं माझं मत आहे. शत्रूकडे गोदी नाही, काठ्या नाहीत, तेव्हा तो आपल्याइतकाच वेळ घेईल, हे त्याने गृहीत धरलं. प्रतिस्पर्ध्याच्या साधनांचा हिशेब त्याने बरोबर केला होता. त्याच्या गरजेचा हिशेब राहिला. ज्याला परतायला जागाच नाही तो माणूस घरं मोडून काठ्या करतो.

आणि वाराही विरुद्ध होता. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा मद्रासहून दक्षिणेला जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला तोंडावर येतो. 20 ऑगस्टला निघालेल्या ह्यूजला त्रिंकोमाली गाठायला जवळजवळ दोन आठवडे लागले.

सहा दिवसांत बंदर

सुफ्रँ 9 ऑगस्टला बट्टिकलोआला पोचला आणि तिथे थांबला. 21 तारखेला युरोपातून आलेली दोन जहाजं, ‘इलुस्त्र’ आणि ‘सॅं-मिशेल’, सैनिकांसह त्याला मिळाली. 25 ऑगस्टला तो त्रिंकोमालीत शिरला आणि लगेच माणसं उतरवायला लागला. काही दिवसांत तोफा लागल्या. 30 आणि 31 ऑगस्टला दोन्ही किल्ले शरण आले.

शिबंदीने ज्या अटी घातल्या त्या सुफ्रँने जवळपास जशाच्या तशा मान्य केल्या. सगळ्यांना मद्रासला सुखरूप पोचवायचंही कबूल केलं. वरवर पाहता हा उदारपणा आहे. वास्तविक त्याला एकेक तास हवा होता. ह्यूज कोणत्या क्षणी क्षितिजावर दिसेल याचा नेम नव्हता, आणि वेढा अर्धवट असताना तो आला असता तर फ्रेंच ताफा नांगरावर, निम्मी माणसं किनाऱ्यावर, अशा स्थितीत सापडला असता. हवं ते देऊन टाकून त्याने वेळ विकत घेतला.

2 सप्टेंबरला ह्यूज आला. 3 तारखेच्या सकाळी त्याने किल्ल्यांवर पाहिलं तर फ्रेंच निशाणं फडकत होती. तो दोन-तीन दिवस आधी आला असता तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं.

3 सप्टेंबर: हातची गेलेली संधी

आता ह्यूजचं कसब पाहावं. बंदर गेलं होतं, शत्रूकडे चौदा जहाजं, आपल्याकडे बारा. त्याने लढाई टाळली नाही, पण उगाच घाईही केली नाही. शिस्तीत रांग धरून तो आग्नेयेकडे सरकत राहिला आणि फ्रेंचांना बंदरापासून वीस-पंचवीस मैल लांब ओढून नेलं. वाऱ्याची बाजू सुफ्रँकडे होती, पण त्याची जहाजं कमी-जास्त वेगाची, नव्या-जुन्या बुडांची, आणि रांग काही केल्या जुळेना. कप्तानांनी थांबावं, बंदर मिळालं आहे तेवढं पुरे, असं सुचवलं होतं. तो थांबला नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास त्याने जवळ जाऊन भिडण्याची खूण दिली आणि तिच्याकडे लक्ष वेधायला एक तोफ डागली. त्याच्याच जहाजावरच्या तोफखान्याला वाटलं, हीच सुरुवात. ‘एरो’ची अख्खी बाजू धडाडली आणि ते पाहून बाकीच्यांनीही लांबूनच तोफा सुरू केल्या. नीट आखलेला हल्ला त्याच क्षणी विस्कटला.

पुढचे काही तास सुफ्रँचं ‘एरो’, ‘इलुस्त्र’ आणि ‘अजाक्स’ ही तीन जहाजं इंग्रज रांगेच्या मध्यभागी जवळजवळ एकटी लढली. बाकीची लांबून मारा करत राहिली किंवा वाऱ्यात अडकली. आकडे फार स्पष्ट बोलतात: त्या दिवशी फ्रेंचांचे 82 ठार आणि 255 जखमी झाले, त्यांतले 64 ठार आणि 178 जखमी या तीन जहाजांवरचे. ‘एरो’ची मुख्य काठी निशाणासकट कोसळली. जहाज शरण आलं असं वाटू नये म्हणून सुफ्रँ पांढरी निशाणं आणा, सगळीकडे लावा, असं ओरडत सुटला. फ्रान्सच्या राजाचं निशाण पांढरं होतं.

अंधार पडला आणि ह्यूज निघून गेला. त्याचे 51 ठार, 283 जखमी. मेलेल्यांत तीन कप्तान होते: ‘वूस्टर’चा वुड, ‘आयसिस’चा लम्ली आणि ‘सुलतान’चा जेम्स वॉट, ज्याने दोन महिन्यांपूर्वी सुफ्रँकडे पत्र नेलं होतं.

सुफ्रँने एकोणसाठ दिवसांत लाकडाच्या, वेळेच्या आणि वाऱ्याच्या बाबतीत जे साधलं, ते माणसांच्या बाबतीत त्याला साधलं नाही. कप्तान बदलले, पण जे राहिले त्यांना आपल्या मनातली लढाई त्याने कधी समजावून सांगितलेली दिसत नाही. खूण दिली की ती कळेल, असं तो धरून चालला. लढाईनंतर आणखी कप्तान ताफा सोडून गेले, आणि दोष बहुतेक इतिहासकार त्यांच्याच माथी मारतात. निम्मा तरी सेनापतीचा होता, असं माझं मत आहे. 7 सप्टेंबरला त्रिंकोमालीत शिरताना ‘ओरियाँ’ खडकावर चढून फुटलं. ह्यूजच्या तोफांना जे जमलं नाही ते एका खडकाने केलं.

मुंबईची गोदी

ऑक्टोबरमध्ये कोरोमंडलवर ईशान्य मोसम सुरू होतो, वादळं येतात. त्रिंकोमाली हातात असतं तर ह्यूज तिथेच थांबला असता. ते गेल्यामुळे त्याला मद्रास सोडून थेट मुंबईला वळसा घालावा लागला. निघताना ऑक्टोबरच्या मध्याला वादळाने गाठलं. मद्राससमोर तांदूळ घेऊन आलेली गलबतं बुडाली आणि आधीच उपाशी असलेल्या शहरावर दुष्काळ कोसळला. ह्यूजच्या ‘सुपर्ब’च्या काठ्या गेल्या. ताफा विखुरला आणि डिसेंबरमध्ये एकेक जहाज, रोग्यांनी भरलेलं, मुंबईला लागलं.

इथे आपला किनारा या गोष्टीत येतो. मुंबईत 1750 मध्ये पहिली कोरडी गोदी झाली, 1762 आणि 1765 मध्ये आणखी दोन. सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया यांनी हा उद्योग उभा केला. 1774 मध्ये ते वारल्यावर त्यांचे मुलगे माणेकजी आणि बोमनजी तो चालवत होते. मलबारचा साग आणि काठ्यांसाठी पुन्नाग जातीचं सरळसोट लाकूड इथे येई. जे काम सुफ्रँ घरांच्या तुळयांवर भागवत होता, ते इथे खरोखरच्या गोदीत होत होतं. जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी जाऊ द्यायचं आणि तळापर्यंत हात घालायचा.

आणखी एक गोष्ट 17 मे 1782 रोजी, नागपट्टणमच्या लढाईच्या सात आठवडे आधी झाली होती. मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह ठरला. त्यात पेशव्यांनी पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी सोडल्या तर इतर युरोपियनांना आपल्या मुलखात थारा न देण्याचं कबूल केलं. पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंचांना पाय ठेवायला जागा मिळण्याची आशा त्यामुळे मावळली आणि मुंबईच्या पाठीवरचं मराठ्यांचं ओझं उतरू लागलं. या तहाकडे आपण नेहमी पुण्याच्या आणि महादजी शिंद्यांच्या बाजूने पाहतो. समुद्राच्या बाजूनेही तो वाचायला हवा.

सुफ्रँने तो मोसम सुमात्राच्या आचेमध्ये काढला. त्रिंकोमाली त्याच्या हातात असूनही तिथे गोदी नव्हती, काठ्या नव्हत्या, पुरेसं धान्य नव्हतं. ह्यूज मुंबईत दुरुस्त होऊन, नव्या जहाजांसह, एप्रिल 1783 मध्ये अठरांचा ताफा घेऊन मद्रासला परतला. 20 जूनला कडलूरसमोर पाचवी आणि शेवटची लढाई झाली. पंधरा जहाजांनिशी सुफ्रँने इंग्रज ताफा कडलूरपासून हटवला. पुन्हा कोणीच बुडालं नाही. 29 जूनला मद्रासहून आलेल्या जहाजाने युरोपात तह झाल्याची बातमी आणली. त्रिंकोमाली फ्रेंचांनी डचांना परत दिलं.

ह्यूजचं ‘सुपर्ब’ या पाचही लढायांत होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, समोर कोणी शत्रू नसताना, ते मलबार किनाऱ्यावर तेलिचेरीपाशी फुटलं.